मॉनिटरिंग टूलने नको त्या डिव्हाइसला हात लावू नये म्हणून काय करायचं (नवीन लोकांसाठी)

नेटवर्क मॉनिटरिंगच्या बहुतेक टूल्समध्ये ऑटो डिस्कव्हरी असते. चालू केली की टूल आपणहून नेटवर्कभर फिरतं, डिव्हाइस शोधतं आणि यादीत टाकतं. नवीन माणसाला हे भारी वाटतं, आणि सोयीचं आहेच, पण त्याच फेरीत ते हॉटेलातल्या गेस्टच्या मोबाइलला, रिसेप्शनच्या प्रिंटरला, कारखान्यातल्या पीएलसीला (मशिन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरला) आणि कधी कधी शेजारच्याच्या राउटरलासुद्धा जाऊन टकटक करतं, आणि यातल्या कोणाचीच परवानगी आपण घेतलेली नसते. गोव्यात छोट्या नेटवर्कची कामं करणारे बरेच जण एकटेच सगळीकडे फिरतात, सकाळी कळंगुटचं हॉटेल, दुपारी वेर्ण्याचा कारखाना, संध्याकाळी म्हापशातलं एखादं क्लिनिक, आणि मग तिन्ही ठिकाणी एकच कॉन्फिग फाइल कॉपी होते. घोळ सुरू होतो तो तिथे. हा लेख तयार टूल वापरणाऱ्यांसाठी पण आहे आणि पायथॉनमध्ये स्वतःचं छोटं टूल लिहिणाऱ्यांसाठी पण, पायऱ्या दिलेल्या क्रमाने करा.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. कोणाला स्कॅन करायचं नाही याच्या नुसत्या यादीवर विसंबू नका, कोणाला करायचं त्याची यादी करा, आणि ती यादी पॅकेट बाहेर पडायच्या अगदी आधी एकाच ठिकाणी तपासा. आपला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून अख्खा वाडा फिरतो पण थांबतो ज्यांनी पाव सांगितलेत त्यांच्याच दारात, टूल तसंच वागलं पाहिजे.

स्कॅनने नुकसान काय होतं ते आधी बघा

"नुसता पिंग तर आहे, त्याने काय होतंय" असं बरेच जण म्हणतात. पिंगने बहुतेक वेळा काही होत नाही हे खरं, पण स्कॅन पिंगवर थांबत नाही, पुढे पोर्ट (डिव्हाइसवरच्या सेवांची नंबर असलेली दारं) तपासले जातात, एसएनएमपीचे (डिव्हाइसची स्थिती विचारायच्या प्रोटोकॉलचे) प्रश्न जातात, काही टूल्स तर लॉगिनसुद्धा करून बघतात.

प्रिंटरचं घ्या. बऱ्याच नेटवर्क प्रिंटरचा ९१०० नंबरचा पोर्ट उघडा असतो आणि त्यावर जे काही येईल ते प्रिंटर सरळ छापतो, समोरून कोण बोलतंय हे त्याला कळत नाही. स्कॅनरने वेबसर्व्हर आहे का बघायला तिथे "गेट, स्लॅश, एचटीटीपी" वाली ओळ पाठवली की ती ओळ कागदावर उमटते, एका पानावर एकच ओळ, मग पुढचं पान, त्यावर दोन विचित्र अक्षरं, मग अजून एक पान. सकाळी रिसेप्शनवरच्या मुलीला ट्रेमध्ये असा गठ्ठा दिसतो आणि तिला वाटतं व्हायरस आला. एनमॅप हे स्कॅनिंगचं टूल बनवणाऱ्यांना हे चांगलंच माहीत आहे, म्हणून त्याचं व्हर्जन ओळखायचं स्कॅन ९१०० ते ९१०७ हे टीसीपी पोर्ट मुद्दाम वगळतं, तुम्ही स्वतःहून ऑल पोर्ट्सचा पर्याय दिलात तरच त्यांना हात लावतं. तुमच्या घरगुती स्क्रिप्टमध्ये हे शहाणपण आपोआप येणार नाही, ते तुम्हालाच घालावं लागेल.

कारखान्यात प्रकरण याहून गंभीर. कारखान्यांच्या कंट्रोल सिस्टिमच्या सुरक्षेवर अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेचं ८००-८२ नावाचं मार्गदर्शक आहे, त्यात असे दोन प्रसंग दिलेत की नुसत्या पिंग स्वीपने (सगळ्या पत्त्यांना ओळीने पिंग करण्याने) एका ठिकाणी तीन मीटरचा रोबॉटचा हात अचानक १८० अंशात फिरला, आणि दुसरीकडे चिप बनवणारी सिस्टिम अडकून ५०,००० डॉलरच्या सिलिकॉनच्या चकत्या (वेफर) वाया गेल्या. वेर्णा किंवा कुंडईच्या वसाहतीत काम करत असाल तर हे कायम लक्षात ठेवा, जुन्या पीएलसीचा नेटवर्कचा भाग अगदी नाजूक असतो, अनपेक्षित पॅकेट आलं की तो गोंधळून मशिन थांबवू शकतो.

तिसरं नुकसान कोणाच्या डोळ्यासमोर येत नाही, आणि मला तेच सगळ्यात जास्त खुपतं. एसएनएमपीच्या व्हर्जन १ आणि २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे व्यवहारात पासवर्डच, साध्या अक्षरांत जाते. टूलला तुम्ही खरी स्ट्रिंग दिलीत आणि अख्खी रेंज स्कॅन करायला लावली तर ते ती स्ट्रिंग प्रत्येक पत्त्याला पाठवत सुटतं, त्यात गेस्टचा लॅपटॉप पण आला. त्याने पोर्ट १६१ वर नुसतं ऐकत बसायचं, तुमच्या स्विचेसची चावी घरपोच. व्हर्जन ३ वापरा, आणि ते जमेपर्यंत तरी अनोळखी पत्त्यांवर स्ट्रिंग पाठवू नका.

पायरी १: टूल उघडायच्या आधी कागद घ्या

जागेच्या मालकाबरोबर किंवा मॅनेजरबरोबर बसा आणि कुठलं सबनेट (नेटवर्कमधल्या पत्त्यांचा एक गट) कशासाठी आहे ते लिहून काढा. स्विच, ॲक्सेस पॉइंट, सर्व्हर, कॅमेऱ्याचा एनव्हीआर (रेकॉर्डर), यूपीएसचं कार्ड, हे आपल्या कामाचं. गेस्ट वायफाय, स्टाफचे मोबाइल, बिलिंगचं पीओएस मशिन, दरवाज्याची कुलपं, दुसऱ्या कंपनीने बसवलेली लिफ्टची किंवा एसीची पेटी, हे आपलं नाही. ज्याच्याबद्दल शंका आहे ते आपलं नाही असंच धरा. मग या कागदावर मालकाची सही किंवा निदान ईमेलवर होकार घ्या, कारण आयटी कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरणं, अडथळा आणणं वगैरेसाठी नुकसानभरपाई आहे, आणि "टूलने आपोआप केलं" हे उत्तर तिथे कामाला येत नाही.

आकड्यांचा अंदाज पण याच वेळी घ्या. सबनेटचा आकार स्लॅशनंतरच्या आकड्याने लिहितात, स्लॅश २४ म्हणजे २५६ पत्ते, स्लॅश १६ म्हणजे ६५,५३६. हॉटेलात ४० डिव्हाइस असताना कोणीतरी स्लॅश १६ टाकून ठेवतं, का तर "सगळं येईल त्यात". सगळं येतं, हीच तर अडचण आहे.

अजून एक बघा, राउटरच्या बाहेरच्या बाजूला काय पत्ता मिळालाय. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कशाने सुरू होत असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक जाळ्यात आहात, आणि त्या बाजूला दिसणारी डिव्हाइस दुसऱ्या ग्राहकांची असू शकतात. १००.६४.०.०/१० ही रेंज टूलच्या मनाई यादीत डोळे झाकून टाका.

पायरी २: डिस्कव्हरीचे सगळे रस्ते शोधा

लोक रेंज बरोबर भरतात आणि तरी नको ते डिव्हाइस यादीत येतं, मग डोकं धरून बसतात. कारण असं की रेंज हा डिस्कव्हरीचा फक्त एक रस्ता आहे. दुसरा शेजाऱ्यांचा, म्हणजे स्विच एलएलडीपी किंवा सीडीपी या शेजाऱ्यांची ओळख देणाऱ्या प्रोटोकॉलवरून सांगतो की माझ्या अमुक पोर्टला हा जोडलाय, आणि टूल त्याच्याकडे जातं, मग त्याच्या शेजाऱ्याकडे, असं साखळीने. तिसरा राउटरच्या एआरपी टेबलचा (राउटरने अलीकडे पाहिलेल्या डिव्हाइसच्या पत्त्यांची यादी). चौथा ओएसपीएफ आणि बीजीपी या राउटरनी आपसांत रस्ते सांगायच्या प्रोटोकॉलचे शेजारी. पाचवा उलटा, डिव्हाइसच ट्रॅप (एसएनएमपीचा इशारा) किंवा सिसलॉग (लॉगच्या नोंदी) पाठवतं आणि काही टूल्स पाठवणाऱ्याला लगेच यादीत घेतात. सहावा फारच फसवा, काही टूल्स ती ज्या मशिनवर आहेत त्याच्या सगळ्या इंटरफेसची (नेटवर्क जोडण्यांची) सबनेट्स आपोआप उचलतात, मग त्यात डॉकरचं (कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) १७२.१७.०.०/१६ येतं आणि व्हीपीएन चालू असेल तर पुण्या-मुंबईच्या हेड ऑफिसचं नेटवर्कही येतं. घरून काम करणाऱ्याने लॅपटॉपवर सहज ट्रायल म्हणून टूल चालवलं आणि कंपनीच्या सिक्युरिटी टीमचा फोन आला, हे असंच होतं.

लिब्रेएनएमएस या मॉनिटरिंग टूलमध्ये शेजाऱ्यांचा रस्ता, ओएसपीएफ आणि बीजीपी हे डिफॉल्टने चालू असतात, एआरपीचा बंद असतो. नेट्स नावाच्या सेटिंगमध्ये जेवढी सबनेट्स तेवढ्यातच तो नवीन डिव्हाइस घेतो, म्हणून तिथे अगदी नेमकं लिहा, आणि नेट्स-एक्स्क्लूडमध्ये त्याच्या आतले नको असलेले तुकडे. गरज नसेल तर शेजाऱ्यांचा रस्ता सरळ बंद करा. वीस-पंचवीस डिव्हाइस हाताने ॲड करायला एक दुपार पुरते, आणि त्या निमित्ताने नेटवर्क पण कळतं.

झॅबिक्स या दुसऱ्या टूलमध्ये एक गैरसमज फार आहे. तिथे डिस्कव्हरी रूल वेगळा आणि ॲक्शन वेगळी. ॲक्शन बंद केली की होस्ट यादीत येत नाहीत, म्हणून वाटतं की स्कॅन थांबलं, पण रूल चालू आहे तोवर पॅकेट जातच राहतात. थांबवायचं असेल तर रूल बंद करायचा. आणि रूलमध्ये रेंज देताना मधला तुकडा सोडायचा असेल तर दोन छोट्या रेंज स्वल्पविराम देऊन लिहा. ओपनएनएमएस या टूलमध्ये समावेशाची आणि वगळण्याची रेंज वेगवेगळी देता येते, ती सोय वापराच.

मिक्रोटिकचे राउटर आपल्याकडे खूप आहेत, त्यांची स्वतःची शेजारी शोधायची सोय असते, ती फक्त लॅनच्या इंटरफेस लिस्टवर ठेवा, बाहेरच्या बाजूला नको.

पायरी ३: कोडमध्ये एकच दार

आता स्वतः कोड लिहिणाऱ्यांसाठी, इथे जरा वेळ द्या.

नेहमीची चूक ही की वगळायची तपासणी यादी बनवताना केली जाते. सुरुवातीला पत्त्यांची यादी बनली, नको ते गाळले, झालं. पण नंतर शेजाऱ्यांकडून नवीन पत्ता येतो तो थेट रांगेत जातो, फेल झालेला पत्ता रिट्रायच्या रांगेतून परत येतो, कोणीतरी काल मनाई यादीत टाकलेला पत्ता डेटाबेसच्या जुन्या रांगेत पडून असतो. यातलं काहीच त्या पहिल्या चाळणीतून जात नाही. म्हणून पॅकेट पाठवणारी सगळी फंक्शन्स, पिंग असो, टीसीपी असो, एसएनएमपी असो, एकाच फंक्शनला विचारूनच पुढे गेली पाहिजेत. ते फंक्शन साधारण असं:

पाठवू_का(पत्ता):
– पत्ता नीट वाचता आला नाही तर: नाही
– परवानगी यादी रिकामी असेल तर: नाही
– पत्ता मनाई यादीत असेल तर: नाही
– पत्ता परवानगी यादीत असेल तर: हो
– बाकी कोणीही: नाही

क्रम महत्त्वाचा आहे. मनाई आधी, परवानगी नंतर, म्हणजे दोन्हीकडे नाव असेल तर मनाई जिंकते. आणि रिकाम्या यादीची ओळ वगळू नका, कारण पायथॉनमध्ये रिकामी लिस्ट खोटी धरली जाते, त्यामुळे "यादी असेल आणि पत्ता त्यात नसेल तर नाकार" असं लिहिलं की फाइल चुकून रिकामी झाली त्या दिवशी कोणीच नाकारलं जात नाही, टूल मोकाट सुटतं. फाइल वाचताना एरर आला तरी तेच, डिफॉल्ट कधीही "सगळं चालेल" नको, प्रोग्रॅम थांबलेला परवडतो.

पत्त्यांची तुलना स्ट्रिंग म्हणून अजिबात करू नका. "१९२.१६८.१ ने सुरू होतं का" असं तपासलं की १९२.१६८.१० पण त्यात बसतं, १९२.१६८.१०० पण बसतं, आणि तेच नेमकं गेस्टचं सबनेट निघतं. पायथॉनमध्ये आयपीॲड्रेस नावाचं मॉड्यूल सोबतच येतं, त्यात पत्ता आणि नेटवर्क हे वेगळे ऑब्जेक्ट असतात आणि हा पत्ता या नेटवर्कमध्ये आहे का हे सरळ विचारता येतं. तेच वापरा. मात्र त्यातला स्ट्रिक्ट नावाचा पर्याय खोटा करू नका. कोणीतरी कॉन्फिगमध्ये एकाच कॅमेऱ्यासाठी १९२.१६८.१.५/२४ लिहितं, मॉड्यूल डिफॉल्टने एरर देतं, आणि एररचा कंटाळा येऊन स्ट्रिक्ट बंद केलं की त्या एका कॅमेऱ्याच्या जागी अख्खे २५६ पत्ते आत येतात. त्या एररवर त्या माणसाला स्लॅश ३२ लिहायला सांगा.

नावं वापरत असाल तर आधी नावाचा पत्ता काढा, तो पत्ता तपासा, आणि मग त्याच पत्त्याला जोडा. तपासताना एकदा आणि जोडताना परत असं दोनदा नाव शोधलं तर मधल्या वेळात उत्तर बदलू शकतं. आयपीव्ही६ चालू असेल तर आयपीव्ही४ चा पत्ता त्याच्या आत गुंडाळून येऊ शकतो, तो उलगडून मगच यादीशी ताडून बघा. वेबपेज चालू आहे का बघणारा चेक असेल तर रिक्वेस्ट्स लायब्ररी रीडायरेक्टच्या मागे आपोआप जाते हे लक्षात ठेवा, परवानगी असलेल्या कॅमेऱ्याने दुसरीकडे पाठवलं की तुमचं टूल तिकडे पोचलं, म्हणून तो पर्याय बंद ठेवा.

मॅक ॲड्रेसवरून (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकावरून) मोबाइल वगळायचा विचार डोक्यातून काढा. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक देतात. फोन वगळायचे तर त्यांचं सबनेटच वेगळं पाहिजे. प्रिंटरसारख्या आपल्याच डिव्हाइसला डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटणाऱ्या सेवेत) पत्ता राखून द्या, नाहीतर पावसात वीज जाऊन आली की सगळं एकदम रीस्टार्ट होतं, पत्ते बदलतात, आणि वगळलेला पत्ता भलत्याचाच होतो.

टेस्ट पण लिहा, दोन-तीन पुरतात. खोटं सॉकेट बनवा, मनाईतला पत्ता द्या आणि त्या सॉकेटवर एकही सेंड झाला नाही हे बघा. मग हाच पत्ता रिट्राय रांगेतून द्या, मग शेजारी म्हणून द्या.

पायरी ४: वेग कमी

परवानगी असलेल्या डिव्हाइसलाही दम खाऊ द्या. एका वेळी मोजकेच कनेक्शन, मधे थोडा वेळ, रिट्राय दोन, बस. एनमॅप वापरत असाल तर कमाल रेटची मर्यादा देता येते.

पायरी ५: कोडवर भरवसा ठेवू नका, बाहेर भिंत घाला

मॉनिटरिंगच्या मशिनवर एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचा नियम करा, परवानगीची सबनेट्स, डीएनएस, वेळेचा सर्व्हर, अपडेट आणि अलर्ट पाठवायला लागतं तेवढं सोडा, बाकी नाकारा. ड्रॉपऐवजी (गुपचूप टाकून देण्याऐवजी) रिजेक्ट (लगेच नकार कळवणं) ठेवा म्हणजे टूल टाइमआउटची वाट बघत अडकून पडणार नाही. नियमाला काउंटर जोडा, तो हलला की समजायचं कोडमधून काहीतरी निसटतंय.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. एनमॅप रूट म्हणून स्थानिक लॅनवर चालतो तेव्हा एआरपीची पॅकेट खालच्या थरातून थेट पाठवतो, ती या फायरवॉलच्या हाताला लागत नाहीत. त्यामुळे खरी भिंत व्हीलॅनची (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क). मॉनिटरिंग मशिन मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये, गेस्ट वेगळ्या, पीएलसी वेगळ्या, आणि मधल्या राउटरवर नियम की या मशिनकडून तिकडे काहीच जाणार नाही.

पायरी ६: खरंच थांबलंय का ते डोळ्यांनी बघा

स्कॅन चालवायच्या आधी एनमॅपचं लिस्ट स्कॅन करा, सोबत डीएनएस बंद करायचा पर्याय द्या. ते एकही पॅकेट न पाठवता नुसती छापून दाखवतं की कोणकोणते पत्ते घेणार आहे. ती यादी पायरी १ च्या कागदाशी लावून बघा, बऱ्याच चुका इथेच सापडतात.

मग टूल चालू करा आणि त्याच मशिनवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावा, फिल्टर असा की सोर्स हे मशिन आणि डेस्टिनेशन परवानगीच्या सबनेट्सपैकी नसलेलं. डिस्कव्हरीची एक पूर्ण फेरी होईपर्यंत चालू राहू द्या, लिब्रेएनएमएसमध्ये जुन्या डिव्हाइसची पूर्ण फेरी साधारणपणे सहा तासांनी होते, म्हणून पाच मिनिटं बघून बंद करू नका. हे करताना पायरी ५ ची फायरवॉल थोडा वेळ काढावी लागेल, कारण टीसीपीडम्पला फायरवॉलने अडवलेली पॅकेट दिसत नाहीत आणि कोड बरोबर आहे असं उगाच वाटतं. ही चाचणी कारखान्यात मशिन चालू असताना नको, चवथीची सुट्टी किंवा मेंटेनन्सचा दिवस बघा, आणि तिथल्या इंजिनिअरला बरोबर घ्या.

पायरी ७: काढून टाकलेलं परत येतं तेव्हा

नको असलेलं डिव्हाइस डिलीट केलं आणि दुसऱ्या दिवशी परत हजर, हे नवीन लोकांना हमखास होतं. टूल ते विसरलं, म्हणून पुढच्या फेरीत नव्याने सापडलं. आधी मनाई यादीत टाका, मग डिलीट करा. लिब्रेएनएमएसमध्ये नुसते अलर्ट बंद करायचा पर्याय आणि डिव्हाइस पूर्ण डिसेबल करायचा पर्याय असे दोन आहेत, पहिल्यात पोलिंग (डिव्हाइसला ठरावीक वेळाने विचारणं) चालूच राहतं, फक्त तुम्हाला मेसेज येत नाहीत. डिव्हाइसला त्रास द्यायचा नसेल तर दुसरा निवडा.

तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये नाकारलेला प्रत्येक पत्ता लॉगमध्ये लिहा, कुठून आला ते पण, रेंजमधून, शेजाऱ्याकडून का ट्रॅपवरून. एकच पत्ता रोज शेजाऱ्याच्या रस्त्याने येत असेल तर कोणीतरी नवीन स्विच किंवा एनव्हीआर जोडलाय, सीझन सुरू व्हायच्या आधी ऑक्टोबरात हॉटेलवाले असं बरंच काही बसवून घेतात आणि सांगायला विसरतात. जाऊन विचारा, होकार मिळाला तर परवानगी यादीत ओळ टाका, आणि त्या ओळीशेजारी कॉमेंटमध्ये कोणाच्या सांगण्यावरून आणि कुठल्या तारखेला ते लिहा. तो माणूस नोकरी सोडून गेला तर त्याच्या नावाच्या सगळ्या ओळी नवीन मॅनेजरला दाखवून परत होकार घ्या, तोपर्यंत त्या ओळी बंद ठेवा.